तंबोऱ्यावर समोरून फ्लॅश मारू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हापासून पेपरात, बॅनरवर, व्हॉट्सॲपवर सगळीकडं वाद्यांचे फोटो दिसतायत, छानच आहे, पण फोटो बघून जीव हळहळतो हो! समोरून फ्लॅश मारलेला, पॉलिशवर पांढरा ढपका आणि कोरीवकाम गायब. सावलीच पडली नाही तर पटाशीनं किती खोल खणलंय ते दिसणार कसं?

मी हौशी फोटोग्राफर, मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत अधनंमधनं जातो. तिथं एकदा नुसता मोबाईलचा टॉर्च दांडीला जवळजवळ टेकवून आडवा धरून बघा, भोपळा आणि दांडीच्या जोडावरची पानं एकदम वर उठून येतात, प्रत्येक शीर दिसते, लाकडाचे रेशेसुद्धा उजेड हलवला की चमक बदलतात. खोलीत अंधार करायचा, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर दहा-पंधरा सेकंद उघडं, आणि टॉर्च बाजूनं हळूहळू फिरवायचा, बस्स. सावली फारच काळी पडली तर दुसऱ्या अंगाला थर्माकोलचा तुकडा उभा करा. पॉलिशची चकाकी नडत असेल तर टॉर्चपुढं बटर पेपर नाहीतर लेन्सला पोलरायझर (चकाकी कापणारी काच). हॅलोजन मात्र जवळ आणू नका, पॉलिश तापतं आणि कारागीर ओरडतो (बरोबरच आहे त्याचं).

मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोत, एक अडचण आहे, वस्तू सेन्सरवर जेवढ्यास तेवढी घेतली तर लेन्सचं छिद्र एफ ८ इतकं बारीक केलं तरी मिलिमीटरभरच फोकसमध्ये येतं. म्हणून घोडीचा (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) फोटो काढताना फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे, मग घोडीचा तो जेमतेम जाणवणारा उतार आणि तारेखाली सरकवलेला जवारीचा, म्हणजे गुंजन आणणारा, दोरा दोन्ही स्वच्छ येतात. तंबोरा गुंजतो तो इथं, आणि नेमकं हेच कुणी दाखवत नाही, सगळ्यांना अख्खा तंबोरा आणि शेजारी पाहुणे पाहिजेत! स्वस्त मोबाईलातल्या २ मेगापिक्सेलच्या मॅक्रोच्या नादी लागू नका, त्यापेक्षा मेन कॅमेऱ्यावर क्लिपची लेन्स लावलेली बरी.

तर विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत अर्धं पान द्या, फोटो मी फुकट देतो, फक्त प्रत्येक फोटोखाली वाद्य बनवणाऱ्याचं नाव त्याला विचारून छापा, माझं नाही छापलं तरी चालेल.

— एक वाचक, सांगली