परत येणाऱ्या माणसांचे ऋण

आदरणीय ताई,

या पत्रात तुमचे नाव येणार नाही, कारण ती तुमचीच अट आहे. माझा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट हातावेगळा झाल्यावर आभाराचे चार शब्द जाहीरपणे लिहिणार असल्याचे मी कळवले, तेव्हा तुमचा उलट निरोप आला की लिहायचेच असेल तर कामाविषयी लिही, माझ्याविषयी नको. ही अट मी अर्धीच पाळणार आहे. कामाविषयीच लिहिते, पण त्या कामात जागोजागी तुम्ही आहात, त्याला माझा इलाज नाही.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती मदत मागायला नव्हे, तर खरे सांगायचे तर एक चूक झाकून घ्यायला. पहिला लघुपट, दोन खोल्या, सात माणसे आणि चांगल्या लेन्सच्या भाड्यात संपून गेलेले पैसे. आवाज कॅमेऱ्यातच मुद्रित करू, पुढचे पुढे, असे मी ठरवले होते. संकलनाला बसल्यावर ध्वनिमुद्रण ऐकले आणि हार्ड डिस्क उचलून तुमचे दार गाठले. 'एवढा आवाज स्वच्छ करून द्या' हे माझे वाक्य आठवले की आजही कान तापतात. तुम्ही हेडफोन लावून पहिले तीन प्रसंग शेवटपर्यंत ऐकलेत आणि म्हणालात, 'स्वच्छ करायला यात आवाज कुठे आहे? तू खोली मुद्रित केली आहेस.' मग कागदावर कॅमेरा, नट आणि चार भिंती काढून तुम्ही मला समजावलेत की मायक्रोफोनचे अंतर दुप्पट झाले की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून लेन्स लांबून चेहरा जवळ आणू शकते, पण मायक्रोफोनला स्वतःलाच जवळ जावे लागते. तांत्रिक विषयावर मला मिळालेला तो पहिला धडा, आणि तो फक्त तांत्रिक नव्हता हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

दोन प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागले. त्या दिवशी तुम्ही स्वतःचा रेकॉर्डर आणि बूम, म्हणजे मायक्रोफोन नटाजवळ धरायची लांब काठी, घेऊन आलात. शेवटचा शॉट झाल्यावर सगळे सामान आवरायला धावले, तेव्हा तुम्ही हात वर केलात आणि सर्वांना जिथे आहेत तिथेच, दिवे न विझवता, एक मिनिट निश्चल उभे राहायला सांगितलेत. रिकाम्या खोलीचा आवाज वेगळा आणि माणसांनी भरलेल्या खोलीचा वेगळा. संवादांच्या मधल्या फटी भरायला त्याच खोलीचा, त्याच माणसांसह असलेला रूम टोन लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला आठवते ते एवढेच की केबलचे वेटोळे अर्ध्यावर धरून उभा असलेला लाइटमन, मेकअपच्या डब्यावर हात ठेवून थांबलेली नटी आणि डोळे मिटून हेडफोन दाबून धरलेल्या तुम्ही, असे आम्ही सगळे दिवसभरात पहिल्यांदाच एकाच गोष्टीकडे लक्ष देत होतो. मी तोवर त्या माणसांना 'माझे युनिट' म्हणत होते. त्या मिनिटात ती माणसे पहिल्यांदा नीट पाहिली.

आणि तरीही श्रेयनामावलीत त्याच लाइटमनचे नाव मी विसरले. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही चित्रपट पाहिलात, अखेरची नावे सरकताना बोटांवर मोजलीत आणि म्हणालात, 'सहाच झाली. केबल कोण गुंडाळत होता?' फाइल तयार झाली आहे, आता रात्रभर पुन्हा एक्सपोर्ट करावी लागेल, हे माझे कारण तुम्ही ऐकून घेतलेत आणि खुर्ची ओढून शेजारी बसलात. ती फाइल पहाटे तयार झाली. पुढच्या प्रत्येक चित्रपटात मी चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी हजेरीच्या यादीबरोबर श्रेयनामावलीची यादी सुरू करते, ज्याचे त्याच्याकडून नावाचे शुद्धलेखन तपासून घेते आणि संकलन सुरू होण्याआधी ती सगळ्यांना पाठवते. नवख्यांना ही शिस्त अनावश्यक वाटते. ज्याचे नाव एकदा गाळले गेले आहे, त्याला वाटत नाही.

स्वतंत्र चित्रपटात कारकीर्द कशी घडते, असे मला आता कधीकधी विचारले जाते, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या महोत्सवाचे किंवा एखाद्या निर्मात्याचे नाव ऐकायचे असते. तुमचा प्रश्न वेगळा होता. कोणताही चित्रपट पाहून झाला की तुम्ही विचारायच्यात, 'यातले किती जण याच दिग्दर्शकाच्या पुढच्या चित्रपटाला येतील?' मला हा प्रश्न पहिल्यांदा भोचक वाटला होता. नंतर लक्षात आले की ज्याच्या पाठीशी कंपनी नाही, स्टुडिओ नाही, त्याच्याकडे भांडवल म्हणून धरता येईल असे दुसरे काहीही नसते. उपकरणे भाड्याने मिळतात, परवानग्या मिळवता येतात; पण पहाटे पाचला हाक मारली तर येणारा छायालेखक आणि वाईट बातमी वेळेवर सांगणारी संकलक या गोष्टी मागच्या चित्रपटात आपण कसे वागलो यावरच मिळतात.

म्हणूनच तुम्ही मला करारनामा लिहायला लावलात. दोन पानांचा, साध्या भाषेतला: काम कोणते, दिवस किती, दिवसाचे तास किती, पैसे किती आणि कधी, पैसे नंतर द्यायचे असतील तर कशातून आणि कोणत्या क्रमाने, चित्रपटाचे हक्क कोणाकडे, नाव कसे लागेल. मैत्रीत कागद कशाला, असा माझा बाणा होता. 'कागद मैत्रीसाठीच असतो, परक्याला वकील असतो,' असे तुम्ही म्हणालात आणि विषय संपवलात. दुसऱ्या लघुपटात मी एका दृश्याखाली एक आवडते गाणे टाकले होते. त्या वेळीही तुम्हीच थांबवून सांगितलेत की गाण्याचे हक्क दोन असतात, एक रचनेचा आणि दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, आणि दोन्हींची लेखी परवानगी हाती नसेल तर संकलनात ते गाणे तात्पुरते म्हणूनही ठेवू नये, कारण कान त्याला सरावतात आणि मग दुसरे काहीही ओकेबोके वाटते. मी ऐकले नाही. अखेर ते गाणे काढावे लागले, आणि ते दृश्य अजूनही मला अपुरे वाटते. चूक माझीच.

आता त्या रविवारच्या बैठकींविषयी, कारण माझ्या मते तुमचे सर्वांत मोठे काम ते आहे आणि त्याची दखल कुठेच घेतलेली नाही. महिन्यातून एकदा, कोणाचा तरी रफ कट, म्हणजे संकलनाचा कच्चा खर्डा, पंधरा-वीस खुर्च्या आणि नियम तीनच. चित्रपट सुरू होण्याआधी करणाऱ्याने माफी मागायची नाही: आवाज कच्चा आहे, रंग व्हायचे आहेत, यातले काहीही नाही. चित्रपट संपल्यावर पहिली वीस मिनिटे त्याने बोलायचे नाही, फक्त लिहून घ्यायचे. आणि पाहणाऱ्याने उपाय सुचवायचा नाही, कुठे लक्ष सुटले आणि काय कळले नाही एवढेच सांगायचे. या तिसऱ्या नियमाचे मोल मला माझ्या दुसऱ्या लघुपटाच्या वेळी कळले. तो 26 मिनिटांचा होता. एकेकाने उठून सांगितले की लक्ष कुठे सुटले, आणि नऊ जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकाच जागेवर बोट ठेवले, ती जागा म्हणजे मला सर्वांत प्रिय असलेला चालण्याचा लांब शॉट. 'तो काप' असे कोणी म्हणाले असते तर मी भांडले असते. कोणीच म्हणाले नाही, म्हणून मीच कापला. चित्रपट 15 मिनिटांवर आला, आणि महोत्सवाच्या कार्यक्रमात दीड तासाच्या एका खेळात पाच-सहा लघुपट बसवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने 26 आणि 15 यांत किती अंतर असते, हे त्यानंतर आलेल्या निवडपत्रांनी दाखवून दिले.

या बैठकींत तुम्ही जुन्या गोष्टी सांगायच्यात, त्याही मला केवळ आठवणी म्हणून मोलाच्या वाटत नाहीत. 400 फुटांची 16 मिलिमीटरची रीळ सेकंदाला 24 फ्रेम या गतीने सुमारे 11 मिनिटांत संपते, म्हणून त्या काळी तालीम आधी आणि 'कॅमेरा' हा शब्द नंतर, हे तुमच्याकडून ऐकले. खांद्यावर अडकवता येणाऱ्या नाग्रा रेकॉर्डरची गोष्ट तर तुम्ही रंगवून सांगायच्यात: कुडेल्स्की नावाच्या अभियंत्याने 1951 मध्ये पहिले यंत्र बनवले, नावाचा पोलिश भाषेत अर्थ 'मुद्रित करील' असा, आणि 1960 च्या सुमारास असे रेकॉर्डर आणि हलके कॅमेरे एकत्र आल्यावर आवाजासह चित्रीकरण करणारी दोन-तीन माणसांची तुकडी रस्त्यावर उतरू शकली. 2008 मध्ये कॅननच्या फाइव्ह डी मार्क टू या स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्याने पूर्ण एचडी चित्रीकरण शक्य केले तेव्हा माझ्या पिढीला वाटले की आता सगळे सोपे झाले. चित्र सोपे झाले होते, आवाज नव्हे. माझा पहिला लघुपट त्याचा पुरावा आहे.

आणि 1947 हे साल. त्या एकाच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एमोस आणि मार्सिया व्होगेल यांनी सिनेमा 16 ही संस्था सुरू केली आणि कलकत्त्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी. एकाच गोष्टीची भूक दोन टोकांना लागली होती: नेहमीच्या चित्रगृहात न दिसणारे चित्रपट एकत्र बसून पाहावेत आणि त्यांवर वाद घालावा. राय यांनी आपला पहिला चित्रपट केला तो त्यानंतर आठ वर्षांनी लोकांसमोर आला. तुम्ही हे सांगून वर एवढेच म्हणायच्यात की आधी खुर्च्या मांडल्या, मग कॅमेरा आणला. माझ्या उतावळेपणावर तो टोला होता, हे मला कळत असे.

एका बाबतीत मात्र माझे तुमच्याशी अजून जुळत नाही, आणि जाहीर पत्रात ते लिहिणे अप्रस्तुत वाटले तरी लिहिते. 'तुझ्या चित्रपटावर मी, माझ्या चित्रपटावर तू' या श्रमाच्या देवघेवीवर तुमचा विश्वास आहे, आणि तुमच्या पिढीने त्यावर बरेच काही उभे केले. पण महिनाभर बिनपैशाचे काम ज्याला परवडते तोच अशा देवघेवीत टिकतो. बाकीचे दोन चित्रपटांनंतर गुपचूप दुसऱ्या धंद्याला लागतात आणि आपण म्हणतो की त्यांना तेवढी ओढ नव्हती. म्हणून आता आमच्या गटात आम्ही चित्रीकरणाचे दिवस कमी करतो, जागा कमी करतो, प्रसंगी कथाच लहान करतो, पण जो येईल त्याला थोडे का होईना पैसे त्याच आठवड्यात देतो. तुम्ही यावर मान हलवाल, होकारार्थी की नकारार्थी ते सांगता येत नाही.

तुम्ही केलेल्या मदतीइतकीच तुम्ही नाकारलेली मदतही मला आठवते. एका महोत्सवाच्या निवड समितीत तुमच्या ओळखीचे कोणी होते आणि मी आडवळणाने शब्द टाकायला सुचवले होते. तुम्ही ते सरळ नाकारलेत. त्याऐवजी माझ्याबरोबर बसून प्रत्येक महोत्सवाचे नियम वाचलेत, कोणाला पहिल्याच प्रदर्शनाचा हक्क हवा असतो, कोण ऑनलाइन आधी दाखवलेला चित्रपट घेत नाही, कोणते प्रवेशशुल्क भरण्यात अर्थ नाही, हे सगळे वहीत उतरवून घेतलेत. तो लघुपट त्या महोत्सवात निवडला गेला नाही. मला राग आला होता. पण पुढे जिथे जिथे निवड झाली, तिथे ती कशामुळे झाली असेल या शंकेने माझी झोप कधी उडाली नाही.

मागच्या महिन्यात नव्या चित्रपटाची डीसीपी, म्हणजे चित्रगृहात दाखवायची डिजिटल प्रत, तयार झाली आणि ती तपासायला आम्ही रिकाम्या चित्रगृहात बसलो. शेवटून दुसऱ्या प्रसंगात आई आणि मुलगी एकमेकींशी काहीच बोलत नाहीत. तिथे पार्श्वसंगीत नाही, पंखासुद्धा नाही, फक्त त्या खोलीचा आवाज आहे. तो आम्ही चित्रीकरण संपल्यावर, सगळ्यांना जागच्या जागी उभे करून, एक मिनिट मुद्रित केला होता. त्या युनिटमधल्या सोळा जणांपैकी अकरा जण माझ्या आधीच्या कोणत्या ना कोणत्या कामात होते. मी मोजले, कारण तुम्ही विचाराल हे मला माहीत होते.

तुम्ही आता चित्रीकरणाला जात नाही आणि बूम माझ्याकडे दिलात. येत्या रविवारी बैठक आहे. एका मुलीचा पहिला रफ कट आहे, 31 मिनिटांचा, आणि काल तिने फोन करून तीन वेळा सांगितले की आवाज अजून कच्चा आहे. चित्रपटाआधी यातले काहीही बोलायचे नाही, असे मी तिला बजावून ठेवले आहे. तुमची खुर्ची डावीकडे, स्पीकरपासून दूर ठेवली आहे.

तुमची,
तुम्हीच नाव न लिहायला शिकवलेली एक दिग्दर्शिका