टॅम्पिनीसहून वाशीला

टॅम्पिनीस, सिंगापूर

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, सोसायटीची रिडेव्हलपमेंटची सभा पुढच्या महिन्यात आहे आणि बिल्डरचा नकाशा आल्यापासून जो तो फक्त कार्पेट एरिया विचारतोय. तेव्हा मी ऑफिसात होते, नीट बोलणं झालंच नाही. पण डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते. सभेच्या आधी वाचा, आणि पटलं तर सेक्रेटरीकाकांनाही द्या. माझं म्हणणं एवढंच आहे की घर किती मोठं मिळतंय ते बघाच, पण तळमजल्यावर काय येणार आहे ते आधी बघा.

इथे दहातले जवळपास आठ लोक एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. आम्हीही तसेच, भाड्याने. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकही घर नाही. खांब आणि त्यांच्या मधली मोकळी, सावलीची जागा. व्हॉइड डेक म्हणतात तिला. तिथे सिमेंटची गोल टेबलं आहेत, वर चिनी बुद्धिबळाच्या रेघा आखलेल्या. दुपारी चारच्या सुमारास तीन-चार आजोबा येतात. दोघं खेळतात आणि बाकीचे उभ्याने चाली सुचवतात. शाळेतून आलेली पोरं तिथेच दप्तरं टाकून खेळायला लागतात. गेल्या शनिवारी त्याच जागेत एका मलय कुटुंबाचं लग्न होतं. खांबांना कापड गुंडाळलं होतं, बिर्याणीचा वास आमच्या मजल्यापर्यंत येत होता आणि डफासारखी वाद्यं वाजवत नवरदेवाला आणलं. त्यानंतर काही दिवसांनी तिथेच एका चिनी आजींचं अंत्यदर्शन होतं. तीन दिवस रात्रभर दिवे, माणसं बसलेली. कोणीही कुरकुर केली नाही. येणारेजाणारे जरा बाजूने जात होते, एवढंच.

आई, तू म्हणशील की आपल्याकडेही लग्नाचा मांडव खालीच पडायचा. अगदी बरोबर, आणि म्हणूनच मला काळजी वाटते. हल्ली मुंबई-ठाण्यात जे नवे टॉवर होतात त्यांत खालचे तीन-चार मजले नुसतं पार्किंग असतं, वर पोडियम, म्हणजे त्या पार्किंगच्या छतावरची गच्ची, आणि त्याच्या वर घरं. रस्त्यावरून बघितलं तर भिंत आणि गाड्यांचं गेट एवढंच दिसतं. तिथे मांडव कुठे घालणार? बाबा, तुम्ही आणि पाटीलकाका संध्याकाळी बसता तो कट्टा कुठे जाणार? पोडियमवर बाग देतो असं बिल्डर सांगेल. देऊ दे. पण लिफ्टने वर जाऊन, कार्ड दाखवून ज्या बागेत शिरावं लागतं, तिथे इस्त्रीवाला, भाजीवाली किंवा समोरच्या इमारतीतली मुलं सहज येत नाहीत.

टॅम्पिनीस काही आपोआप असं झालेलं नाही. वाशीसारखंच हेही आधी कागदावर आखलेलं शहर. पूर्वी इथे वाळूच्या खाणी, रबराचे मळे आणि लहान गावं होती. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बांधकामाला सुरुवात झाली, आणि 1992 मध्ये जागतिक पातळीवरचा वर्ल्ड हॅबिटॅट पुरस्कार मिळाला. मला मात्र पुरस्कारापेक्षा कामांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. गाव अजून बांधलं जात होतं तेव्हाच, 1989 मध्ये इथे मेट्रो आली. वाशीचा खाडीपूल 1973 चा, पण रेल्वे पोचली 1992 मध्ये. मधली सगळी वर्षं पुलावरच्या बसला लोंबकळत गेली, हे बाबांनी इतक्या वेळा सांगितलंय की मला ते स्वतः पाहिल्यासारखं आठवतं.

1991 च्या आराखड्यात सिंगापूरने ठरवलं की सगळ्यांनी मुख्य शहरातच नोकरीला जायचं हे थांबवायचं, आणि त्यासाठी टॅम्पिनीसला मोठं व्यापारी केंद्र करायचं. बँकांनी आपली बरीच कामं इथे हलवली. मॉल, सरकारी कार्यालयं सगळं स्टेशनच्या भोवती आलं. शेजारीच चांगी बिझनेस पार्क आहे. माझं ऑफिस तिथे, घरापासून बसने थोड्याच वेळात. बाबा, हा विचार आपल्याकडे त्याच्याही आधी झाला होता. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि इंजिनियर शिरीष पटेल यांनी 1965 मध्येच खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडली होती. नोकऱ्या, घरं आणि रेल्वे एका ओळीत नेऊन मुंबईवरचा भार कमी करायचा. 1970 मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं ते त्यातूनच. राज्य सरकारचा कारभारच इकडे यावा असं त्यांना वाटत होतं. पण मंत्रालय जागचं हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला भराव घालून नवी ऑफिसं उभी राहिली. तेच आलं असतं तर वाशी कितीतरी आधी भरली असती, असं मला मनापासून वाटतं.

तरीही जे आलं ते थोडं नव्हतं. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केटचे घाऊक बाजार तुर्भ्याला आले, सेक्टर 17 मध्ये बँका आल्या, वाशी स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसं झाली. आणि बाबांची कंपनी ठाणे-बेलापूर रस्त्यावर होती, म्हणून संध्याकाळी तुम्ही घरी असायचात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींचे वडील फोर्टहून यायचे तेव्हा त्या झोपलेल्या असायच्या. माझं गणित तुम्ही घेतलंत, ते कामाची जागा जवळ होती म्हणून. शहर आखणाऱ्याने चांगलं आखलं तर एका घरात काय होतं, हे मी त्यावरूनच शिकले.

आता तुमच्या गुडघ्यांबद्दल. इथल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबत नसत. पहिला, पाचवा, नववा अशा ठरावीक मजल्यांवरच. मधल्यांनी उरलेले जिने चढायचे. लोक म्हातारे झाले तेव्हा 2001 मध्ये सरकारने ते बदलायला घेतलं. इमारतीतल्या लोकांनी मतदान करायचं, बहुमत झालं की काम सुरू. बहुतेक खर्च सरकारचा, थोडा वाटा रहिवाशांचा. आज आमच्या शेजारच्या आजी व्हीलचेअरवरून घरातून निघतात ते थेट बसस्टॉपपर्यंत, मध्ये एकही पायरी नाही. वर छप्पर सलग असल्यामुळे मुसळधार पावसातही छत्री लागत नाही. नवी इमारत लिफ्टची होणार म्हणून तुम्ही खूश आहात, मीही आहे. पण लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या ठेवल्या तर काय उपयोग? गेटपासून लिफ्टपर्यंत उतार मागा. तो आत्ताच नकाशात हवा, नंतर कोणी करून देत नाही.

सगळं इथलंच चांगलं असं मी म्हणत नाही. इथली गावं उठली ती उठलीच. आपल्याकडे वाशीगाव, जुहूगाव अजून आपापल्या जागी आहेत, देवळासकट, कोळणींसकट. आईला दारात ताजी मासळी मिळते ती त्यामुळे. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांनी 1984 मध्ये उरणजवळ जासईला पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन त्यांना परत देण्याची योजना आली. हे नव्या इमारतीत राहायला येणाऱ्यांना माहीत असायला हवं.

एक मोठा फरक आहे. इथे जमीन सरकारची, घर 99 वर्षांच्या लीजवर, आणि खालची झाडलोट, दिवे, लिफ्ट बघायला टाउन कौन्सिल, म्हणजे त्या भागाची देखभाल करणारी संस्था. त्यामुळे तळमजला मोकळा ठेवायचा हे एकदाच वरून ठरलं. आपल्याकडे ते तुमच्या सभेत ठरणार आहे. म्हणून बोला. बाबा, तुम्ही बोललात तर लोक ऐकतात, मी लहानपणापासून बघतेय. रस्त्याच्या बाजूला भिंतीऐवजी चार दुकानं असू देत, आपला वाणी आणि चक्कीवाला त्यांत परत येऊ देत. पार्किंग तळघरात किंवा मागच्या बाजूला जाईल का ते विचारा. लग्न, बारसं, तेरावं करता येईल एवढी छपराची जागा जमिनीच्या पातळीवर मागा, आणि ती करारनाम्यात लिहून घ्या. त्यासाठी प्रत्येकाचे थोडे चौरस फूट कमी झाले तरी चालतील, असं मला वाटतं. आपले झाले तर माझी हरकत नाही, हे सभेत सांगितलंत तरी चालेल.

तळमजल्याच्या नकाशाचा स्पष्ट फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, रविवारी सकाळी मी फोन करते तेव्हा समोर ठेवून बोलू. आई, बाबांना कोणाच्या आधाराशिवाय जिना उतरू देऊ नकोस, मी शेजारच्या काकूंनाही सांगितलंय.

तुमची,
मनू