कॅमेरा उघडण्याआधी फ्लॅशचा कपॅसिटर रिकामा करा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

शास्त्रज्ञांच्या छंदांवर वृत्तपत्रांत लेख येतात तेव्हा छंदाच्या वाट्याला एखादेच वाक्य येते. अमुक संशोधक फावल्या वेळात विज्ञानाचे पॉडकास्ट करतात, जुने कॅमेरे उघडून त्यांतून अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशातली) छायाचित्रे काढतात, एवढेच. ते वाचून अकरावी-बारावीतली उत्साही मुले घरातला जुना डिजिटल कॅमेरा आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतात. म्हणून अशा लेखात एक गोष्ट छापायलाच हवी, आणि नेमकी तीच राहून जाते: फ्लॅश असलेल्या जवळपास प्रत्येक जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात सुमारे ३०० व्होल्टला भरणारा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग, असतो.

छोट्या कॅमेऱ्यात तो १०० मायक्रोफॅरडच्या आसपास असतो. पूर्ण भरला की त्यात साडेचार ज्यूल ऊर्जा साठते. बॅटरी काढल्याने तो रिकामा होत नाही. काही दिवसांनीही जोरदार झटका बसू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने त्याची दोन टोके जोडावीत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. ठिणगी उडते, टोके जळतात आणि शेजारच्या बोर्डावरचे नाजूक मार्ग उडतात. २.२ किलोओहम, ५ वॅटचा वायरवाउंड (तार गुंडाळलेला) रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला रोध करणारा भाग, घ्यावा, त्याच्या दोन्ही पायांना जाड आवरणाच्या वायरी जोडाव्यात आणि टोके दोन-तीन मिलिमीटरच उघडी ठेवावीत. एक हात पाठीमागे ठेवून ही टोके कपॅसिटरवर पाच सेकंद धरावीत. मग मल्टिमीटर डीसी ६०० किंवा १००० व्होल्टवर लावून मोजावे. पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे, कारण कपॅसिटरच्या आतल्या थरात अडकलेला थोडा भार परत वर येतो. ज्याच्याकडे मल्टिमीटर नाही त्याने कॅमेरा उघडूच नये.

एवढी खटपट कशासाठी? कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरमधल्या सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश कळतो, आपल्या डोळ्यांना जेमतेम ७०० पर्यंतचा. रंग बिघडू नयेत म्हणून कंपन्या सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच बसवतात. ती काढून भिंगापुढे दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर लावला की झाडांची पाने बर्फासारखी पांढरी दिसतात, कारण पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांमधल्या पोकळ्या हा प्रकाश चहूकडे उधळून परत पाठवतात. अशी छायाचित्रे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९१० साली प्रसिद्ध केली. मुळात अवरक्त किरण सापडले तेच विल्यम हर्शेल यांना, १८०० साली, लोलक आणि थर्मामीटर वापरून. हर्शेल पेशाने संगीतकार होते आणि दुर्बिणीचे आरसे घासण्याच्या छंदातून खगोलशास्त्रात आले. आपल्याकडे १९७० साली हवामानशास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळातल्या नारळाच्या बागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेतली गेली आणि ‘रूट विल्ट’ रोगाची झाडे त्यांत ओळखू आली. भारतातल्या सुदूर संवेदनाची (दुरून, आकाशातून जमिनीची माहिती टिपण्याच्या तंत्राची) सुरुवात त्या प्रयोगाने झाली, हे कोकणातल्या बागायतदारांनाही सांगण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू बहुधा जेआयएस (जपानी मानकाच्या) धाटणीचे असतात. साधा फिलिप्स लावला तर तो निसटतो आणि स्क्रूचे डोके झिजते. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतली केबल भोसकली जाते. कागदावर कॅमेऱ्याचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने लावावा. रिबन केबल ओढण्याआधी तिच्या सॉकेटची पट्टी नखाने उघडावी. काम करण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि पंखा बंद ठेवावा. सेन्सरवर बसलेला धुळीचा कण पुढे प्रत्येक छायाचित्रात दिसतो.

काढायची काच फिकट निळसर असते किंवा तिरपी धरल्यावर लालसर चमकते. तिच्यामागे सेन्सरची स्वतःची सीलबंद काच असते. ती मात्र काढू नये, तिच्याखाली केसाहून बारीक तारा असतात आणि त्या तुटल्या की सेन्सर गेला. सर्वांत जास्त फसगत यानंतर होते. काच काढून तिची जागा तशीच मोकळी सोडली की दूरचा डोंगर फोकसमध्ये येईनासा होतो. काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने प्रतिमा भिंगाकडे सरकते, म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या काचेमागे सुमारे ०.३३ मिलिमीटर. म्हणून काढलेली काच व्हर्नियरने मोजून तेवढ्याच जाडीची पारदर्शक काच बसवावी. मायक्रोस्कोपची स्लाइड साधारण एक मिलिमीटरची असते आणि काचकटरने कापता येते. ती कडांनी धरावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. जोडणी झाल्यावर टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर दाबावा: त्याचा दिवा लख्ख दिसला तर काम जमले. पांढऱ्याचा समतोल (व्हाइट बॅलन्स) हिरवळीवर ठरवावा, नाहीतर सगळे चित्र लाल येते.

कॅमेरा न उघडताही अवरक्त पाहता येते. रंगीत निगेटिव्ह फिल्मचा उजेड लागलेला आणि धुतलेला काळा तुकडा दुहेरी करून भिंगापुढे धरावा. त्यातले रंग अवरक्त प्रकाश जाऊ देतात; कृष्णधवल फिल्ममधली चांदी जाऊ देत नाही. आतली काच जागेवर असल्यामुळे काही सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे लागते, म्हणून तिवई हवीच. शाळेतल्या मुलांसाठी हीच रीत सुचवावी.

पॉडकास्टला झटक्याचा धोका नाही, पण तिथेही मापे कुणी सांगत नाही. माइक तोंडापासून एक वीत दूर आणि थोडा तिरपा ठेवावा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फटके बसतात. आवाजाची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्यावीत. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्यासमोर बसले की खोलीचा घुमारा बराच कमी होतो. सुरुवातीला अर्धा मिनिट गप्प राहून नुसत्या खोलीचा आवाज घ्यावा, म्हणजे संपादनात कापलेल्या जागा भरता येतात. ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो ठेवले तर अर्ध्या तासाचा भाग १४-१५ एमबीत बसतो आणि गावाकडच्या श्रोत्यालाही उतरवून घेता येतो.

आपल्याला विनंती अशी की, शास्त्रज्ञांच्या छंदांवर पुढचा लेख छापताना त्यात कॅमेरा उघडण्याचा उल्लेख असेल तर शेजारी चार ओळींची चौकट द्यावी: ३०० व्होल्ट, २.२ किलोओहमचा रेझिस्टर, पाच सेकंद, आणि मल्टिमीटरने दोनदा मोजणे.

कळावे,
एक वाचक, सांगली