टाटा थिएटरच्या बॅकस्टेजवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये, ग्रुप फोटो काढतानासुद्धा तुम्ही बाजूला झाला होतात. त्या रात्री टेम्पो भरायच्या गडबडीत जेवढं बोलता आलं तेवढं बोलले पण ते पुरेसं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण नाटक बघायला येणाऱ्यांना तुमच्यासारखी माणसं कधी दिसतच नाहीत.

आमचा ग्रुप जिल्ह्याच्या गावातला, हौशी. आमच्याकडचा हॉल म्हणजे वरून लोंबणारे माइक, पंख्यांची घरघर आणि मागच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून सगळ्यांनी वरच्या पट्टीत बोलायचं. त्यामुळे मुंबईला एनसीपीएच्या, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या, टाटा थिएटरमध्ये प्रयोग लागला तेव्हा आमची पहिली चौकशी काय, तर माइक किती मिळतील? तुम्ही शांतपणे म्हणालात, माइकचं नंतर बघू, आधी एकदा नुसतं बोलून बघा. आणि सरळ जाऊन शेवटच्या रांगेत बसलात.

आमची आईचं काम करणारी मुलगी सगळ्यात हळू बोलते, तिलाच तुम्ही उभं केलंत. तिने तिच्या नेहमीच्या, घरात बोलतो तशा आवाजात वाक्य म्हटलं आणि तुम्ही तिकडूनच हात वर केलात, ऐकू आलं म्हणून. मग मीही मागे येऊन बसले आणि खरंच सांगते, अंगावर काटा आला, तिचा श्वास घेतलेला कळत होता! पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत. म्हणालात, आवाज पोचतोय पण शेवटचा शब्द खाताय, आपल्याकडे 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं, ते गिळलं तर लोकांना उलटाच अर्थ ऐकू जाणार. मग वहीत एक एक वाक्य लिहून घेतलंत आणि जेवायची सुट्टी सोडून ती सगळी वाक्यं आमच्याकडून परत म्हणून घेतलीत. हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, ते तुमचं कामही नव्हतं.

बाजूच्या खुर्च्यांचंही तसंच. आमचा सेट तीन भिंतींचा, समोरून बघायला केलेला, आणि टाटाची बैठक पंख्यासारखी पसरलेली, म्हणजे कडेला बसलेल्या माणसाला आमची डावी भिंत आणि तिच्यामागे चहा पिणारा बॅकस्टेजवाला दोन्ही दिसणार. तुम्ही दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर स्वतः बसून बघितलंत, भिंती थोड्या उघडायला लावल्यात, कपाट मागे सरकवलंत, आणि मग मला सांगितलंत की ही बैठक अशी का आहे ते समजून घे म्हणजे पुढच्या वेळी सेट आधीच तसा करशील. आपल्या गाण्यात, नाचात चेहरा आणि हात दिसले पाहिजेत, गवयाची नजर, नर्तकीची बोटं, म्हणून प्रेक्षक लांबच लांब बोळात बसवायचा नाही, जवळ घ्यायचा. हजारावर खुर्च्या असूनसुद्धा तिथे लांब बसल्यासारखं वाटत नाही त्याचं कारण हे, आणि मला ते आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी टाटा थिएटरबद्दल बरंच वाचून काढलं. फिलिप जॉन्सन हे अमेरिकन आर्किटेक्ट आणि ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं, ज्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचंही केलं होतं. माइकशिवायचा नैसर्गिक आवाज हाच पाया धरून हॉल बांधला, 1980 मध्ये सुरू झाला. रंगमंच फिरता, तो आपल्या मराठी प्रेक्षकाला काही नवा नाही, पण इथे तो इमारतीतच धरलेला आहे. एनसीपीए ही संस्था त्याच्याही आधीची, 1969 ची, जमशेद भाभा यांनी जेआरडी टाटांच्या पाठिंब्याने उभी केलेली, सुरुवात भुलाभाई देसाई रोडवरच्या छोट्या जागेत आणि मग नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर एक एक थिएटर. शेजारचं जमशेद भाभा थिएटर तर बांधून होत आलेलं असताना 1997 मध्ये आगीत गेलं आणि परत बांधून 1999 मध्ये उघडलं, ते वाचून मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते, म्हणजे एवढं सगळं जळाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं! तिथे पेटिट हॉल या जुन्या बंगल्यातला संगमरवरी जिना आणून बसवलाय, तो मात्र बघायचा राहिलाय, पुढच्या वेळी दाखवा. आणि आपल्या लोकांचाही तिथे केवढा वाटा आहे, पुलं होते, संगीताचे अभ्यासक अशोक रानडे होते, विजयाबाई मेहता तर कार्यकारी संचालक होत्या, हे आमच्या ग्रुपमधल्या कॉलेजच्या पोरांना माहीतच नव्हतं. एनसीपीए म्हणजे आपलं नाही, इंग्रजीवाल्यांचं, असं वाटून अर्धे जण बुजले होते. तुम्ही मराठीत हाक मारून चहा दिलात तिथेच निम्मं टेन्शन गेलं.

पण एक सांगू का काका, आर्किटेक्टने काहीही बांधून ठेवलं तरी ते रोज कोणीतरी सांभाळावं लागतं हे मी त्या दिवशी तुमच्यामागे फिरताना बघितलं. एसीचा आवाज शांत प्रसंगात वाढतोय का ते कान देऊन ऐकणं, विंगेतल्या दाराचा कुरकुर आवाज येतोय म्हणून तेल मागवणं, उशिरा येणाऱ्यांना कुठल्या प्रसंगानंतर सोडायचं ते आमच्याकडून विचारून दारावरच्या माणसांना सांगणं. तिसरी घंटा झाल्यावर जी शांतता झाली ती मी आमच्याकडे कधीच अनुभवली नाही. त्या शांततेतच आमच्या मुलीने ते 'नाही' म्हटलं, अगदी हळू, आणि हॉलभर गेलं. माइक शेवटपर्यंत लावला नाही.

आता मुख्य बातमी. आमच्याकडच्या हॉलचं नूतनीकरण निघालंय आणि नाटकवाल्यांची म्हणून मलाही मीटिंगला बोलावतात. तिथे सगळी चर्चा बाहेरच्या काचा आणि एलईडी स्क्रीनची चालू होती. मी तुम्ही सांगितलेले मुद्दे कागदावर लिहून दिले. एसीची हवा हळू सोडायची तर डक्ट रुंद हवेत, मशीन हॉलच्या भिंतीला लागून नको, खुर्च्या चांगल्या गादीच्या घ्या म्हणजे रिकाम्या तालमीत आणि भरलेल्या प्रयोगात आवाजाचा फरक कमी पडतो, दारं दुहेरी करा, आणि टोकाच्या खुर्चीवर बसून बघितल्याशिवाय मांडणी पास करू नका. दुहेरी दारं आणि डक्टचं मान्य झालंय. खुर्च्यांवर अजून भांडण चालूये, स्वस्तातल्या प्लास्टिकच्या घ्यायच्या असा काहींचा आग्रह आहे, मी सोडणार नाहीये.

सॅम्पलच्या खुर्च्या पुढच्या महिन्यात येतायत. आल्या की फोन करते, सुट्टी काढून एक दिवस याच, राहायची सोय आमच्याकडे, आईने आत्ताच सांगून ठेवलंय.

तुमची,
ती वहीवाली मुलगी