संगणकशास्त्राला प्रवेश घेण्याआधी एवढे विचारा

संपादक महोदय,

सीईटीचा निकाल लागला की सांगलीत चौकाचौकांत खासगी विद्यापीठांचे फलक झळकू लागतात. त्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत असते ते ‘सर्वाधिक पॅकेज’. मी अकरावी-बारावीला गणित शिकवत आले आहे, म्हणून या आकड्याची मला चीड येते. एका मुलाला मोठी नोकरी लागली, यावरून त्याच्या वर्गातल्या इतरांचे काय झाले हे कळत नाही. सरासरीही अशा एक-दोन पगारांनी फुगते. पालकांनी मध्यक विचारावा, म्हणजे निम्म्या मुलांना किमान किती पगार मिळाला ते. आणि हा हिशेब उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांचा आहे की फक्त नोकरी लागलेल्यांचा, हेही विचारावे.

शाखेच्या नावांचेही तेच. ‘एआय अँड डेटा सायन्स’ म्हटले की साधे कॉम्प्युटर सायन्स जुनाट वाटू लागते. दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचा. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हा पाया बहुतेक ठिकाणी एकच असतो आणि एआय तर रेषीय बीजगणित व संभाव्यतेवरच उभे आहे. हे विषय शिकवायला कायम प्राध्यापक आहेत की तासिका तत्त्वावरचे, हा प्रश्न शाखेच्या नावापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मुलींच्या फीची. 2024-25 पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पण ही सवलत कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तरच मिळते. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती नाही, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही नाही. ‘मुलींना फी माफ’ एवढेच ऐकून पालक तिकडे जागा अडवण्यासाठी पैसे भरतात आणि खरे काय ते नंतर समजते. मग चार वर्षांची फी शेतीच्या किंवा पगाराच्या पैशांतून, नाहीतर कर्ज काढून. सवलत असूनही एखादी हुशार मुलगी या कर्जाच्या भीतीने मागे हटावी, हे मला सहन होत नाही.

आपल्याकडे 1947 पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कराडला 1960 पासूनचे शासकीय महाविद्यालय आहे. तिथे सगळ्यांना जागा मिळत नाही, हे खरे. म्हणूनच कॅपच्या अर्जातला महाविद्यालयांचा पसंतीक्रम घरी बसून, विचार करून ठरवायला हवा. 2025 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम आहे. सायबर कॅफेत घाईघाईने भरलेला क्रम एकदा निश्चित केला की त्या फेरीत बदलता येत नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. प्रवेशाच्या दिवसांत जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाकडून तीन गोष्टी मागवून छापा : पगाराचा मध्यक, मंजूर आणि प्रत्यक्ष भरलेली प्राध्यापकांची पदे, आणि मुलींची शुल्कमाफी तिथे लागू आहे की नाही. जे महाविद्यालय माहिती देणार नाही, त्याच्या नावापुढची जागा कोरी ठेवून छापा.

– एक गणित शिक्षिका, विश्रामबाग, सांगली