किल्ल्यातली वर्दळ काढू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बेळगावच्या किल्ल्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, आतलं सगळं हलवा, मोकळं करा, लॉन लावा, लाईटिंग करा, मग बघा टुरिस्ट कसे येतात. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायला एकदम पोर्तुगालात जावं लागतंय, तेवढं चालवून घ्या.

मुलगी-जावई लिस्बनला असतात. त्यांच्याकडं गेलो तेव्हा एव्होरा नावाचं गाव बघितलं, लिस्बनहून पूर्वेला साधारण 130 किमी, 1986 पासून युनेस्कोच्या यादीत. गावाला तटबंदी आहे, बऱ्यापैकी शाबूत, आणि आत चक्क गाव नांदतंय, युनिव्हर्सिटी आहे (1559 ची, मधी दोनशे वर्षं बंद होती ते सोडा), हॉटेलं आहेत, खिडकीत धुणं वाळत घातलंय. सोळाव्या शतकात गावात पाणी आणायला दगडी कमानींचा पाट बांधला, त्या कमानींच्या मधल्या जागेत लोकांनी घरं बांधलीत आणि आजही राहतात. आपल्याकडं असतं तर पहिली नोटीस त्यांनाच गेली असती.

गावात उंचावर रोमन देवळाचे अवशेष आहेत, पहिल्या शतकातलं देऊळ. लोक डायना देवीचं देऊळ म्हणतात, पण ते बहुतेक सम्राटाच्या पूजेसाठी बांधलेलं. 14 खांब उभे आहेत, ग्रॅनाईटचे, वरची नक्षी संगमरवराची. एवढी वर्षं टिकलं कसं म्हणाल तर मधल्या काळात खांबांच्या मधी भिंती घातल्या आणि लोक ते वापरत राहिले, शेवटी तर तिथं खाटीक बसायचे, 1836 पर्यंत! वापरात होतं म्हणून दगड कुणी उचलून नेले नाहीत. पुढं 1870 च्या सुमाराला भिंती काढून खांब मोकळे केले. आता फोटो झकास येतो, नाही म्हणत नाही, पण तिथं दहा मिनिटांच्या वर कोण थांबत नाही.

लोक रमतात ते सेंट फ्रान्सिसच्या चर्चमधल्या हाडांच्या चॅपलमधी, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात. भिंती, खांब, सगळीकडं माणसांच्या कवट्या आणि हाडं चुन्यात बसवलेली, अंदाजे 5000 माणसांची म्हणतात. गावातल्या दफनभूमी भरून गेल्या, जागा पुरेना, म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी हाडं काढून त्यांचंच चॅपल केलं, मरण रोज डोळ्यासमोर राहावं हाही हेतू. दारावर लिहिलंय, आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट बघतोय. आमची मंडळी दारातच अडून बसली, स्मशानात तिकीट काढून कोण जातं म्हणून, नंतर आत गेली आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबली, हॉटेलवर आल्या आल्या आंघोळ मात्र केली. पोर्तुगालात अशी चॅपल आणखी आहेत, फारोला एक, काम्पो मायोरला एक. आपल्यालाही हे अगदीच परकं नाही, जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं शव दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात तेव्हा बेळगावची किती माणसं जातात बघा की.

आता आपला किल्ला. एका खंदकाच्या आत 1204 ची कमल बस्ती म्हणजे जैन देऊळ, आदिलशाहीतल्या असदखानानं बांधलेली सफा मशीद, रामकृष्ण आश्रम, दारात दुर्गादेवी, शिवाय मिलिटरी. कमल बस्तीच्या छतातलं दगडी कमळ मान वर करून बघावं, एव्होऱ्यात असलं काही मला दिसलं नाही. आणि ह्या जागा चालत्या आहेत. बस्तीत दर्शनाला लोक येतात, मशिदीत नमाज होतो, आश्रमात आरती होते. ही वर्दळ काढून लॉन लावलं तर उरणार काय?

करायचंच असेल तर फार खर्चाचं नाही. दारात एक नकाशा लावा, चालत फिरायला वाट आखून द्या, मिलिटरीचा भाग कुठून सुरू होतो ते स्पष्ट लिहा म्हणजे बाहेरगावचा माणूस भलत्या गेटवर जाऊन बोलणी खाणार नाही, आणि एक स्वच्छ संडास बांधा. प्रत्येक ठिकाणी दोन ओळींची पाटी, कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत, आणि त्यावरून परत मोर्चा नको म्हणजे झालं.

कळावे,
एक वाचक, शहापूर, बेळगाव