उंदरासाठी कसलं रडता?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आमच्याकडे पाळलेला पांढरा उंदीर होता, नाव मोदक, हसू नका. उंदीर जेमतेम 2-3 वर्षंच जगतात हे माहीत होतं पण दुसरं वर्ष सरलं आणि श्वास घेताना घरघर सुरू झाली, डोळ्यांभोवती लाल दिसलं तर आई म्हणाली रक्त आलं, ते रक्त नसतं, पॉर्फिरिन नावाचं लाल द्रव्य असतं, आजारी उंदराच्या डोळ्यांतून येतं. दांडिया बाजारातून रिक्षाने तीन दवाखाने फिरलो, एका ठिकाणी तर "मारायचं औषध हवंय का?" विचारलं! तिसरीकडच्या डॉक्टरांनी मायकोप्लाझ्मा, म्हणजे फुफ्फुसांचा जिवाणूसंसर्ग, असणार म्हणून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, पूर्ण बरा होणार नाही हेही सांगितलं. महिनाभर बाबा, जे आधी त्याला हातसुद्धा लावत नव्हते, केळं कुस्करून त्यात औषध कालवून बोटाने चाटवायचे, आणि तो दोन्ही पंजांनी बोट धरून ठेवायचा. मंगळवारी बाबांच्या ओंजळीतच गेला.

गणपतीत मूषकाच्या कानात नवस सांगणारे शेजारीच आता म्हणतात, उंदरासाठी कसलं रडता. तुमच्या पेपरात कुत्र्यामांजरांबद्दल येतं, एकदा वडोदऱ्यात असे छोटे प्राणी कोण तपासतं तेही छापा ना. पिंजरा धुऊन गच्चीत ठेवलाय, बाबा तो कोणाला देऊ देत नाहीयेत.

– एक वाचक, वडोदरा